फ्लुओरेसन्स इम्युनोअसे : नाव भट्टीतून आलेलं

प्रश्न असा आहे : थायरॉइडच्या अहवालात 'पद्धत : फ्लुओरेसन्स इम्युनोअसे' छापलंय, म्हणजे रक्तातलं फ्लोराइड तपासलं का?

मुळीच नाही. फ्लुओरेसन्स म्हणजे पडलेला प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश परत देणं, आणि इम्युनोअसे म्हणजे प्रतिपिंडं (ठरावीक पदार्थाला चिकटणारी प्रथिनं) वापरून केलेलं मोजमाप. टूथपेस्टमधल्या फ्लोराइडचा इथे काडीचा संबंध नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फोन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केलेलं फ्लुओरेसीन हे या क्षेत्रातलं ठळक रंगद्रव्य. त्याच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन एवढंच. फ्लोरिनचा एक अणूही नाही.

आणि कृपा करून त्याला 'अंधारात चमकणारा रंग' म्हणू नका. वरून पडणारा प्रकाश थांबला की फ्लुओरेसीन काही नॅनोसेकंदांत विझतं. अंधारात रेंगाळतं ते फॉस्फोरेसन्स. गाडीच्या पाटीवरचं 'रेडियम' तर यातलं काहीच नाही. तो नुसता परत फेकलेला प्रकाश.

खरी मौज 'फ्लुओर'मध्ये आहे. लॅटिन 'फ्लुएरे' म्हणजे वाहणे. फ्लुओरस्पार हे खनिज भट्टीत टाकलं की धातूची मळी पातळ होऊन वाहू लागते, म्हणून त्याचं हे नाव. आपला सोनार जोड देताना टाकणखार घालतो, त्याच जातीचं काम. १८५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनीनच्या द्रावणात न दिसणारा प्रकाश निळा होऊन बाहेर पडताना पाहिला आणि ओपलवरून जसं ओपलेसन्स, तसं फ्लुओरस्पारवरून 'फ्लुओरेसन्स' सुचवलं. फ्लोरिनचं नावही याच खनिजावरून पडलं. नात्याचा घोळ आहे तो इथे.

इम्युनोअसेमधला 'असे' (assay) हा शब्दही धातूवाल्यांचाच! त्याचं मूळ लॅटिन 'एक्साजियुम', म्हणजे तोलणे. पुढे तो सोन्याचांदीचा कस पाहण्यासाठी रुळला. आपल्याकडे 'कस' आयता आहे, 'कषपट्टिका'वरून आलेली 'कसोटी' आहे. तरी परिभाषाकारांना 'असे'साठी 'आमापन' हवं! कुणाच्या तोंडी आहे हे आमापन? 'चाचणी'ही तोकडी, कारण चाचणी 'आहे की नाही' एवढं सांगूनही भागते. कस म्हटलं की 'किती' आलंच.

फ्लुओरेसन्ससाठीचं 'अनुस्फुरण'ही मला पटत नाही. खताच्या पोत्यावर 'नत्र, स्फुरद, पालाश' वाचणाऱ्या महाराष्ट्रात 'स्फुर' म्हटलं की फॉस्फरसच आठवणार. फ्लोरिनचा गैरसमज काढून फॉस्फरसचा कशाला घालायचा? त्यापेक्षा 'प्रतिदीप्ती' नेमकी : प्रकाशाला प्रकाशानेच उत्तर. मी 'प्रतिदीप्ती-कस' म्हणतो.

प्रतिपिंडाला असं रंगद्रव्य जोडण्याची युक्ती अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये हार्वर्डला दाखवली. पहिलं रंगद्रव्य निळं चमकायचं आणि ऊतींच्या स्वतःच्या निळसर झाकेत हरवायचं, म्हणून ते हिरव्या फ्लुओरेसीनकडे वळले. आज थायरॉइडच्या तपासणीत रंगद्रव्य लावलेलं प्रतिपिंड टीएसएचला (थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाला) चिकटतं, सुटं राहिलेलं बाजूला काढतात, उरलेल्यावर प्रकाश सोडतात आणि परत येणारा प्रकाश मोजतात. तो जितका जास्त, तितकं टीएसएच जास्त.