खाली बसवलेली पिकअप आणि 38,000 रुपयांचे शॉकअप

आपण देवगडहून लिहिता की गेल्या वर्षी घेतलेल्या जुन्या पिकअपचे काही पाटे (भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) काढून आधीच्या मालकाने ती खाली बसवली होती, आणि आता आंब्याच्या हंगामापूर्वी तिचे शॉकअप बदलणे भाग आहे. मूळ मापाचे चार शॉकअप 11,000 रुपयांना, तर कडकपणा कमी-जास्त करता येणारे 38,000 रुपयांना मिळतात. शिल्लक 60,000 असून गाडीचा हप्ता 14,500 आहे.

माझ्या मते आज यांपैकी एकही घेऊ नये. शॉकअप भार पेलत नाही. भार पाटे पेलतात, आणि शॉकअप केवळ त्यांची उसळी आवरतो. खाली बसलेल्या गाडीत मूळ मापाचा शॉकअप आधीच नेहमीपेक्षा जास्त दाबलेला असतो, त्यामुळे पेट्यांनी भरलेली गाडी करूळ घाटातल्या खड्ड्यात आदळली की त्याचा दांडा तळाला टेकतो, सील फाटते आणि तेल गळू लागते. महागड्या शॉकअपची कळ फिरवून कडकपणा बदलेल, लांबी नव्हे. गाडी खालीच ठेवायची असेल तर बंप स्टॉप (चाक फार वर येऊ नये म्हणून बसवलेला रबरी ठोकळा) पूर्ण दाबला असतानाच्या अंतरापेक्षा मिटल्यावर आखूड, आणि चाक लोंबकळत असतानाच्या अंतरापेक्षा उघडल्यावर लांब, असाच शॉकअप हवा. ही मापे मेकॅनिकने घेतली आहेत का, हे आपल्या पत्रात नाही.

आता पैशांचे पाहू. हंगाम संपल्यावर जून ते सप्टेंबरचे चार हप्तेच 58,000 रुपयांचे होतात, म्हणजे आपली जवळजवळ सगळी शिल्लक पावसाळ्यासाठी आधीच बांधलेली आहे. त्यातून 38,000 काढले तर जेमतेम दीड हप्ता उरतो.

शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. पासिंगला किंवा अपघातानंतर विम्याच्या दाव्यात ही खाली बसवलेली गाडी अडचणीची ठरू शकते. (ती रुबाबदार दिसते हे मान्य, पण भाडे रुबाबाचे मिळत नाही.)

म्हणून काढलेले पाटे पुन्हा बसवून त्यावर 11,000 चे शॉकअप घालण्याचा एकत्रित दर मेकॅनिककडून लेखी मागवा. तो 25,000 च्या आत असेल तर काम आत्ताच करून घ्या आणि शिल्लकेतून गेलेली रक्कम एप्रिल-मेच्या भाड्यातून, घरखर्चाला हात लावण्यापूर्वी, परत भरा. दर त्याहून जास्त निघाल्यास आधी पाटे बसवा, शॉकअप पहिल्या भाड्यांतून घ्या, आणि तोवर गाडीत निम्माच माल भरा.