पुण्यात फक्त पिठलं-भाकरीचं हॉटेल चालेल का?

तुम्ही विचारलंय की दुसरं काही न ठेवता नुसत्या पिठलं-भाकरीवर पुण्यात हॉटेल चालेल का. चालेल. नारायण पेठेतले बेडेकर, फडके हौदाजवळचे वैद्य यांच्याकडे माणूस मिसळीसाठीच जातो. वैद्यांचा रस्सा हिरवा, बेडेकरांची मिसळ गोडसर आणि तिच्याबरोबर पावाऐवजी स्लाइस. त्यात बदल करा असं कोणी म्हणत नाही.

मी कोथरूडला खानावळ चालवते, रात्रीच्या ताटात भाकरी असतेच. त्यावरून सांगते, तुमचं सगळं गणित भाकरीत अडकणार आहे. एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी होते. थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. दोन-तीन मिनिटं जातातच, म्हणजे तासाला वीस-पंचवीस. ताटात दोन धरल्या तर दहा-बारा ताटं. आठ ते साडेनऊच्या गर्दीत पन्नास माणसं आली तर तीन तवे आणि थापणाऱ्या तीन मावशी लागतील, शिवाय कोणी आजारी पडलं तर चौथी. आधी करून डब्यात ठेवू म्हणाल, तर ज्वारीची भाकरी गार झाली की कडक होते, आणि तशी भाकरी वाढायची असेल तर हे हॉटेल काढूच नका.

ज्वारी मालदांडी जातीची घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण नावावर जाऊ नका, पाच किलो आणून दळून भाकरी करून बघा. दळण थोडं थोडं आणा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे भाकरी धरून ठेवणारी थोडीफार पकड, तीही जाते आणि थापताना कडा चिरतात. उकळत्या पाण्यात मळून एखाद्या दिवशी वेळ निभावते, रोज नाही.

पिठलं त्या मानाने सोपं. मात्र मोठं पातेलं भरून ठेवू नका. तासाभरात ते घट्ट होतं, मग गरम पाणी घालून सैल करत बसावं लागतं आणि चव उतरते. सोबत ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी, ताक. पनीर ठेवा म्हणणारे भेटतील, त्यांना हसून नाही म्हणा.

भावाचं बोलायचं तर, भाकरीला पैसे मोजताना लोक कां-कू करतात. १९९५ साली सरकारने १ रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली होती. पुढे त्यातल्या बऱ्याच ठिकाणी भलतंच विकलं जाऊ लागलं. ज्वारी-बेसनाचा हिशोब करून ताटाची किंमत लावाल तर फसाल. आधी मावशींचा पगार आचाऱ्याइतका धरा, मग १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा खर्च, आणि मग भाव ठरवा.

सिंहगडावर पिठलं-भाकरीला होणारी गर्दी बघून अंदाज बांधू नका, तिथली भूक गड चढून आलेली असते. माझं मत पेठांकडे. सदाशिव, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात, त्यातली कितीतरी मराठवाड्याची, सोलापूरकडची. त्यांना घरच्या भाकरीची खरोखर आठवण येते. सुरुवात फक्त संध्याकाळच्या वेळेने करा. आणि जागेचं भाडं ठरवण्याआधी मावशी ठरवा, त्यांना रात्री दहानंतर घरी जायला पीएमपीची बस मिळते का तेही बघून घ्या.