सी प्रोग्राममध्ये एकच बदल शेकडो ठिकाणी करायचा आहे, सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) पुरेल का?

नुसतं नाव बदलायचं असेल तर पुरेल. पण ‘आधी केमॅलॉक (मेमरी मागणं), मग त्याच पॉइंटरवर मेमसेट शून्य (ती शून्यांनी भरणं)’ अशी जोडी हुडकून तिथे दोन्ही एकदम करणारं केझॅलॉक घालायचं असेल, तर सरळ कॉक्सिनेल हे सी कोडची रचना ओळखून बदल करणारं टूल घ्या. लिनक्स कर्नलमध्ये हेच वापरतात. ते चालवणाऱ्या ‘मेक कॉक्सिचेक’ कमांडची सोय तिथे तयारच आहे. नियम पॅचसारखाच (पॅच म्हणजे बदलांची फाइल), वजा (काढायच्या) आणि अधिकच्या (घालायच्या) ओळींत लिहायचा. मधला कोड काहीही असला तरी चालणार असेल तर तीन टिंबं.

कॉक्सिनेल प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी मॅक्रो उलगडणारा टप्पा) चालवत नाही, म्हणून मॅक्रो आणि कॉमेंट शाबूत राहतात. क्लँग या कंपाइलरवर उभी टूल्स जास्त काटेकोर, पण चालू कॉन्फिगरेशनबाहेरचा इफडेफमधला (अटीनुसार घेतला किंवा वगळला जाणारा) कोड त्यांच्या हाती लागत नाही. कॉक्सिनेलची खोड वेगळी: विचित्र मॅक्रोमुळे एखादं फंक्शन पार्स झालं नाही, म्हणजे त्याची रचना उलगडली नाही, तर ते फंक्शन कॉक्सिनेल चक्क सोडून देतं. म्हणून शेवटी जुन्या पद्धतीचे उरलेले कॉल ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने शोधा.