निवृत्तीची तारीख ठरलेली, भरतीची मात्र नाही

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच होता: शाळेत शिक्षक नाहीत. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या वाडीतील पहिली ते चौथीच्या शाळेचा पट 17 आहे. पदे दोन मंजूर आहेत, पण गुरुजींना कामगिरीवर शेजारच्या गावी पाठवले आहे आणि चारही वर्ग एकट्या बाई सांभाळतात. दाद कोठे मागायची? (शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, शाहूवाडी तालुका)

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असले पाहिजेत. एका शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येणार नाही, असे कलम 25 स्पष्टपणे सांगते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद कलम 27 मध्ये आहेत. त्यामुळे समितीने ठराव करून कलम 32 खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार द्यावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा अशी तरतूद आहे आणि तो न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कामगिरीचा आदेश काढणारा अधिकारी बहुधा शेजारची शाळा बंद पडू नये म्हणूनच तो काढतो, कारण तिथे एकही शिक्षक उरलेला नसतो. मूळ दुखणे कलम 26 पाळले जात नाही हे आहे. रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे ते बजावते. द्विशिक्षकी शाळेत तर एक पद रिकामे राहिले की पन्नास टक्के जागा रिकामी होते. करवीर (कोल्हापूर) संस्थानात 1917 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज मूल शाळेत येते आणि शिक्षक नसतो, याबद्दल कायद्यात कोणालाही दंड नाही.

प्रश्न : मी डी.एड. असून शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी दिली आहे. पदे रिक्त असल्याचे शासनच सांगते, मग भरती दरवर्षी का होत नाही? पैसा नाही हे कारण खरे आहे का? (उमेदवार, करवीर तालुका)

अर्धे खरे आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे वेतन राज्याच्या तिजोरीतून येते, जिल्हा परिषद ते फक्त अदा करते. पद भरले की पुढील तीसेक वर्षांचा वेतनाचा भार अंगावर येतो आणि रिकामे ठेवले की त्या वर्षापुरती बचत दिसते, म्हणून वित्त विभागाची मान्यता अडून राहते. मे 2012 मध्ये अतिरिक्त, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा ठरलेल्या, शिक्षकांचे इतर शाळांत समायोजन होईपर्यंत भरती थांबवण्याचा निर्णय झाला. पवित्र या राज्याच्या शिक्षकभरतीच्या ऑनलाइन पोर्टलसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, तर दुसरी थेट 2023 मध्ये आणि तिसरी 2025 मध्ये. या मधल्या काळात शिक्षक निवृत्त व्हायचे थांबले नव्हते.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो आणि ती तारीख त्याच्या सेवापुस्तकात रुजू झाल्या दिवसापासून लिहिलेली असते. पुढील वर्षी कोणत्या तालुक्यात किती पदे रिकामी होणार, हे आजच सांगता येते, म्हणजे अर्थसंकल्पातही आजच लिहिता येते. बिंदुनामावलीची (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे, या नोंदवहीची) तपासणी विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून वर्षाआधी करून घ्यावी, चाचणीचा महिना कायमचा ठरवावा आणि प्रतीक्षा यादी वर्षभर चालू ठेवावी. यातील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा करावा लागत नाही. शिवाय नवा उमेदवार पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक असतो, प्राथमिकला त्याचे मानधन 16,000 रुपये असते आणि नियमित शिक्षकाचे केवळ मूळ वेतनच 29,200 रुपयांपासून सुरू होते. निवृत्त होणारा शिक्षक वेतनश्रेणीच्या वरच्या टोकाला असतो. त्याच्या जागी शिक्षणसेवक आला तर वेतनावरचा खर्च सुरुवातीला घटतोच, त्यामुळे भरती लांबवण्यासाठी पैशाचे कारण निदान या तीन वर्षांपुरते तरी टिकत नाही.

आणखी एक गुंता आपल्या कोल्हापूर जिल्ह्याशी संबंधित आहे. इकडचे अनेक उमेदवार कोकणात रुजू होतात आणि नंतर आंतरजिल्हा बदलीने परत येतात. येथील पद भरते, तेवढ्यापुरते तिकडचे रिकामे होते आणि एकूण तुटवडा तसाच राहतो.

प्रश्न : आमच्या अनुदानित माध्यमिक शाळेत गणिताला शिक्षक नाही, तालुक्यात मात्र अतिरिक्त शिक्षक आहेत. हे कसे? (मुख्याध्यापक, हातकणंगले तालुका)

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे द्यायची याची मंजुरी, पटावर होते आणि पट विषय ओळखत नाही. एक तुकडी कमी झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि तो भाषेचा आहे की गणिताचा, हे नंतर पाहिले जाते. 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमानुसार संस्थेला कायम पद भरण्यापूर्वी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अतिरिक्त शिक्षकाची चौकशी करावी लागते. योग्य विषयाचा शिक्षक यादीत नसल्याचे त्यांच्याकडून लेखी घ्या. पोर्टलवर मागणी नोंदवताना ते पत्र उपयोगी पडते.

प्रश्न : ग्रामपंचायतीने स्वतः मानधन देऊन शिक्षक नेमावा का? (सरपंच, गगनबावडा तालुका)

पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून वेतनावर खर्च करता येत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून किंवा लोकवर्गणीतून, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने, पात्रताधारक स्थानिक तरुण किंवा तरुणी काही काळ मदतीला घेता येईल. वर्गात रोज कुणीतरी असणे हे मुलांच्या दृष्टीने लहान काम नाही. मात्र ही व्यवस्था पदाचा पर्याय म्हणून कागदावर येता कामा नये. शाळा नीट चालली आहे असे वरच्या कार्यालयाला दिसले की ते पद भरण्याची घाई कमी होते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. म्हणून मदतनीस असला तरी दरमहा मंजूर पदे किती, प्रत्यक्ष हजर किती आणि पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, एवढ्या तीन नोंदी समितीच्या इतिवृत्तात घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पोच घेऊन द्या.