स्विचवर क्यूओएस (कोणत्या ट्रॅफिकला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सोय) चालू केल्यापासून आयपी फोनचा आवाज जास्तच तुटतोय. काढून टाकू का? व्हिडिओ कॉलला कोणता क्लास द्यावा?

अजिबात काढू नका. काढलंत की "क्यूओएस हे थोतांड आहे" म्हणणाऱ्यांना आयता पुरावा मिळतो. असा एक माणूस माझा वरिष्ठ होता.

स्विच जुना, कॅटलिस्ट २९६०. साहेबांनी 'एमएलएस क्यूओएस' एवढी एकच ओळ टाकली, कॉन्फिग सेव्ह केला आणि फोनवर शब्द गाळून ऐकू यायला लागले. निकाल तयारच होता: याने काही होत नाही, लिंकची क्षमता वाढवा. मी फोनच्या पोर्टवर आणि अपलिंकवर (स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या पोर्टवर) वायरशार्क, म्हणजे पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं. फोनमधून निघताना पॅकेटवर डीएससीपी (प्राधान्य सांगणारा शिक्का) ४६, म्हणजे ईएफ, आवाजाचा क्लास. अपलिंकवर त्याच पॅकेटवर शून्य! या स्विचवर क्यूओएस बंद असतं तेव्हा मार्किंगला कोणी हात लावत नाही. चालू केलं की ट्रस्ट (आलेलं मार्किंग खरं मानायची परवानगी) न दिलेला प्रत्येक पोर्ट ते पुसतो, वर बफरची, म्हणजे पॅकेट थांबवायच्या जागेची, चार रांगांत वाटणी होते. फोनच्या पोर्टवर आणि अपलिंकवर 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी', शिवाय अपलिंकवर 'प्रायॉरिटी-क्यू आउट' (प्राधान्याची रांग आधी रिकामी करणारी कमांड) टाकलं, आवाज स्वच्छ.

कॅप्चर दाखवला तर साहेब म्हणे, "तरी लिंक वाढवायलाच हवी होती." कशाला? आलेखात सरासरी वापर दहा टक्के दिसत असतानाही अनेक पोर्टांनी एकाच क्षणी अपलिंककडे धाव घेतली की रांग भरते आणि आउटपुट ड्रॉप्स (टाकून दिलेली पॅकेट्स) चढतात. जी.७११ या कोडेकवर (आवाज डिजिटल करायच्या पद्धतीवर) फोन साधारण दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवतो. ते भरलेल्या रांगेतून टाकलं गेलं की गेलं, उशिरा पोचून उपयोग नाही. पाच मिनिटांच्या सरासरीत हे दिसतच नाही, आणि साहेब तेवढाच आलेख बघायचे.

व्हिडिओला एएफ४१, सिग्नलिंगला (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांना) सीएस३, बॅकअपला सीएस१. ईएफ फक्त आवाजाला. "आमचं ॲप पण महत्त्वाचं आहे" म्हणत कोणी ईएफ मागायला आलं तर सरळ नाही म्हणा, नाहीतर प्रायॉरिटी रांगेतच गर्दी होते. संगणकांच्या पोर्टला डोळे मिटून ट्रस्ट देऊ नका, तिथून कोणीही स्वतःच ४६ लावून पाठवू शकतो.

हां, तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही. कॅटलिस्ट ९००० मालिकेचा स्विच असेल तर 'एमएलएस' कमांडच नाही आणि ट्रस्ट मुळातच असतो. मग पॉलिसी-मॅपमध्ये (कॉन्फिगमधल्या क्यूओएसच्या नियमांत) कोणी मार्किंग बदलतंय का ते बघा. लिंक मात्र एवढ्यात वाढवू नका.