सँटियागोहून ईस्टर आयलंडला जाताना देशांतर्गत विमान असलं तरी नुसता बोर्डिंग पास पुरतो का?

नाही, पुरत नाही. विमान चिलीतल्या चिलीतच उडतं, पण रापा नुईला (ईस्टर आयलंड) जाणाऱ्यांची सँटियागोच्या विमानतळावरच वेगळी तपासणी होते. तिथे पुढील गोष्टी लागतात:

- मूळ पासपोर्ट
- परतीचं पक्कं तिकीट
- प्रवासाआधी ऑनलाइन भरलेला प्रवेश-फॉर्म (एफयूआय)
- राहण्याचं बुकिंग, किंवा बेटावरच्या यजमानाचं रीतसर निमंत्रणपत्र

हे २१,०७० क्रमांकाच्या कायद्यामुळे. तो १ ऑगस्ट २०१८ पासून लागू आहे आणि पाहुण्यांना जास्तीत जास्त ३० दिवस राहू देतो. खुद्द मुख्य भूमीवरच्या चिलियन लोकांचीही यातून सुटका नाही, त्यामुळे काउंटरवर ‘मी साधा पर्यटक आहे हो’ म्हणून काही हलत नाही. लोक अडकतात ते बहुधा बुकिंगपाशी: हॉटेल किंवा होमस्टे सर्नातूर या सरकारी पर्यटन संस्थेकडे नोंदलेलं हवं. एखाद्या ॲपवर स्वस्तात मिळालेली खोली दिसायला छान असेल, पण नोंदणी नसेल तर ती धरत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधीच मालकाला नोंदणीबद्दल विचारा. फॉर्मवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवून बघा, आणि सगळ्याची एक छापील प्रत जवळ ठेवा.

मात्र चिलीचा व्हिसा हा वेगळा विषय आहे. हा फॉर्म त्याची जागा घेत नाही. फॉर्मचा तपशील अधूनमधून बदलतो, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात सरकारी पानावर एकदा नजर टाका.