रान सगळ्यांना खुलं, मग परवानगी कशाला?

प्रश्न : आम्ही काही मित्र ओरिएंटिअरिंग करतो, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातली ठरलेली ठिकाणं शोधत पळायचा खेळ. परवा साठ जणांची छोटी स्पर्धा घेतली. त्या रानात लोक रोज फिरतात म्हणून कुणाला विचारलं नाही, तर जमीनमालक चिडून आले आणि मधेच सगळं बंद करावं लागलं. नुसतं पळण्याने रानाचं असं काय बिघडतं?

उत्तर : चूक तुमचीच झाली, स्पष्टच सांगते. एकटा माणूस पायवाटेने जातो ते वेगळं आणि साठ जण पायवाट सोडून एकाच कंट्रोलकडे, म्हणजे गाठायच्या ठिकाणी लावलेल्या खुणेकडे, धावत सुटतात ते वेगळं. स्वीडनमध्ये तर कुणाच्याही रानात फिरायचा हक्क लोकांना आहे, पण तिथेही मोठी स्पर्धा असली की जमीनमालकाशी आधी बोलतात, आणि उभ्या पिकातून किंवा घराच्या अंगणातून जायचा हक्क तिथेही नाहीच.

आता नुकसानाचं. गवत, शेवाळ, कोवळी रोपं यांचं जास्तीत जास्त नुकसान पहिल्या काही तुडवण्यातच होतं, म्हणजे न तुडवलेल्या जागेवरून साठ जण गेले की तिथे नवी वाट पडलीच म्हणून समजा, ओली जमीन असेल तर विचारूच नका. म्हणून कोर्स, म्हणजे कुठले कंट्रोल कुठल्या क्रमाने गाठायचे ते, आखणाऱ्यावर खरी जबाबदारी असते असं मला मनापासून वाटतं. कंट्रोल दलदलीच्या काठाऐवजी खडकापाशी नाहीतर वाटेच्या फाट्यावर लावा, वेगवेगळ्या कोर्सचे कंट्रोल वेगळे ठेवा म्हणजे सगळे एकाच रेषेत पळणार नाहीत, आणि स्टार्ट-फिनिशला जिथे गर्दी होते ती जागा कडक जमिनीची बघा. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ असेल तर तो भाग सोडाच, कारण पक्षी उठला की अंडी गार पडतात.

नकाशावर ऑलिव्ह हिरवा रंग म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही, आणि जांभळ्या रेघा मारलेला भाग त्या स्पर्धेपुरता बंद. हे स्टार्टला सगळ्यांना सांगा आणि जो आत शिरेल त्याला बाद करा, ओळखीचा असला तरी.

बूट धुवायचा कंटाळा करू नका, बिया आणि रोग मातीबरोबरच एका रानातून दुसऱ्यात जातात. 2001 साली ब्रिटनमध्ये जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा रानं आणि पायवाटा बंद झाल्या, स्पर्धाही रद्द झाल्या, तिथल्या खेळाडूंना हे चांगलंच माहीत आहे.

त्या मालकांकडे आधी माफी मागायला जा, परवानगीचा विषय त्या दिवशी काढूच नका. पुढच्या भेटीला नकाशा घेऊन जा आणि त्यांनाच विचारा, जनावरं कुठे चरतात, कुठलं फाटक बंदच ठेवायचं, कुठल्या महिन्यात येऊ नये. ते जे सांगतील ते त्यांच्यासमोरच नकाशावर जांभळ्या पेनने आखा. आणि हो, स्पर्धा अर्धवट राहिली म्हणता, मग झाडांना बांधलेल्या फिती आणि कंट्रोल अजून तिथेच असतील तर त्यांना विचारून आधी ते काढून आणा.